अंगणांच्या मागावर: नवी मुंबईची आधुनिक वास्तुकला पाहायला शिकणाऱ्यांसाठी

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मी आजवर ज्या ज्या पाहुण्यांना घेऊन गेले, त्यांतल्या बहुतेकांनी पोहोचल्यावर पाच मिनिटांच्या आत एकच प्रश्न विचारला आहे: "ती प्रसिद्ध इमारत कोणती?" ही वसाहत आखणारे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचे नाव ऐकून ते आलेले असतात आणि समोर त्यांना दिसतात ती एकमजली-दुमजली घरे, मधले लहान लहान चौक, दोरीवर वाळणारे कपडे आणि दाराशी लावलेल्या दुचाक्या. त्यांचा प्रश्न रास्त आहे. वास्तुकला म्हटले की देऊळ, किल्ला किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखी एकटी उभी असलेली, दुरून ओळखू येणारी वास्तू पाहण्याची आपल्याला सवय असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र आपल्याकडच्या चांगल्या वास्तुकारांनी हाती घेतलेला सर्वांत अवघड प्रश्न सामान्य माणसाच्या घराचा होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत दडलेले असते. ती जागा पाहण्याची सवय नजरेला लावून घ्यावी लागते, आणि त्यासाठीच हा लेख लिहिला आहे. वास्तुकलेचे कोणतेही शिक्षण त्यासाठी लागत नाही. दोन सुट्ट्यांचे दिवस, चालण्याची तयारी आणि एक कोऱ्या पानांची वही पुरते.

पहिली पायरी: निघण्याआधी नकाशा वाचावा

नवी मुंबई पाहण्याची सुरुवात घरी बसून करावी, कारण हे शहर आधी कागदावर उभे राहिले आणि नंतर जमिनीवर. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाच्या एका विशेषांकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक प्रस्ताव मांडला. मुंबई दक्षिणोत्तर अरुंद पट्टीत वाढत चालली आहे, कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला अशी तिची विभागणी झाली आहे, त्यामुळे रोज सकाळी सगळी माणसे एका दिशेने आणि संध्याकाळी सगळी उलट दिशेने जातात. तेव्हा खाडीच्या पलीकडे, पूर्वेला, नोकऱ्या आणि घरे दोन्ही असलेले नवे शहर वसवावे, असा त्याचा गाभा होता. कोरिया आणि प्रवीणा मेहता वास्तुकार होते, तर शिरीष पटेल स्थापत्य अभियंता होते आणि मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांच्याच कामांपैकी एक. सरकारी समितीच्या अहवालातून नव्हे, तर तिशी-चाळिशीतल्या तीन व्यावसायिकांच्या लेखातून एवढे मोठे शहर सुरू झाले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे हे शहर उभारणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि सुरुवातीची काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुकार होते. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी निश्चित झाली आणि वीस लाख लोकवस्ती गृहीत धरली गेली. एकच मोठे केंद्र आणि त्याभोवती पसरत जाणारे शहर अशी रचना टाळून, वाहतुकीच्या मार्गावर मण्यांसारखे ओवलेले नोड, म्हणजे छोटी उपनगरे, आखली गेली. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर ही त्यांतली नावे. प्रत्येक नोडचे सेक्टर पाडले गेले आणि सेक्टरात शाळा, बाजार आणि मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असावे, अशी अपेक्षा होती. मोबाइलवरचा उपग्रह नकाशा उघडून रेल्वेची रेघ बोटाने अनुसरावी. ओवलेले मणी आपोआप दिसू लागतात. नकाशावर आणखी दोन गोष्टींवर खुणा कराव्यात. पूर्वेच्या डोंगराच्या कडेने जाणारा एमआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक वसाहतीचा, पट्टा ही पहिली, आणि सरळ रेषांच्या सेक्टरांमध्ये मध्येच दिसणारी दाट, वेडीवाकडी ठिगळे ही दुसरी. ती ठिगळे म्हणजे गावठाणे. त्यांच्याकडे पुढे यायचेच आहे.

या आराखड्यातले सर्वच साधले नाही, हेही जाताना माहीत असावे. राज्याचे विधिमंडळ आणि मंत्रालय खाडीपलीकडे यावे, म्हणजे त्यामागून कचेऱ्या येतील, ही मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांसाठी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. खाडीवरचा रस्त्याचा पूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, पण लोकल वाशीला पोहोचली ती थेट १९९२ मध्ये. वीसएक वर्षे हे शहर एसटीच्या आणि बेस्टच्या भरवशावर उभे होते. वाशीच्या जुन्या सेक्टरांतली एखादी इमारत ओकीबोकी वाटली, तर ती कोणत्या परिस्थितीत बांधली गेली याची आठवण ठेवावी.

दुसरी पायरी: पावलांचे माप

मोठी मोजपट्टी घेऊन लोकांच्या अंगणात वाकणे शोभत नाही, म्हणून आपले पाऊलच मोजपट्टी करून घ्यावे. घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर टेपने दहा मीटर मोजून दोन खुणा कराव्यात आणि नेहमीच्या चालीने ते अंतर चार वेळा चालून पावले मोजावीत. सरासरी चौदा पावले झाली तर एक पाऊल साधारण सत्तर सेंटिमीटरचे. पुढची सगळी मापे यावरून काढता येतात. जमिनीपासून दाराच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सामान्यतः सात फूट धरावे; त्यावरून मजल्याची उंची डोळ्यांनी ताडता येते. मोबाइलमधले होकायंत्र वापरायला शिकून घ्यावे, कारण इथल्या हवामानात घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर निम्मे सुखदुःख ठरते. वही आडव्या पानांची आणि रेघा नसलेली असावी. चित्रकला येत नाही ही अडचण मुळीच नाही. आपल्याला चित्र काढायचे नसून नोंद करायची आहे.

वेळ सकाळी आठ ते अकराची किंवा दुपारी चारनंतरची ठेवावी. चौकांमध्ये माणसे दिसतात ती याच वेळांना, आणि माणसांशिवाय चौक समजत नाही.

तिसरी पायरी: रेल्वेनेच यावे

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बरची वाशी गाडी घ्यावी आणि ऐरोली सुटल्यावर दारापाशी किंवा खिडकीपाशी उभे राहून दोन्ही बाजू पाहाव्यात. एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांची जागा घेत चाललेल्या काचेच्या कचेऱ्या, तर दुसऱ्या अंगाला वसाहती दिसतात. काम आणि घर शेजारी असावे, हा १९६५ च्या प्रस्तावातला विचार या गाडीतून जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही.

वाशीला उतरल्यावर लगेच बाहेर पडू नये. मुंबईतली जुनी उपनगरी स्थानके दोन फलाट आणि वर एक पूल अशी वाढत गेली; इथली स्थानके मात्र मुळातच इमारती म्हणून आखली गेली. त्याचे कारण पैशांत आहे. या मार्गाच्या खर्चाचा दोनतृतीयांश भाग सिडकोने आणि उरलेला रेल्वेने उचलला, आणि गुंतवलेला पैसा परत मिळावा म्हणून स्थानकांच्या भोवती आणि डोक्यावर कचेऱ्या आणि दुकानांच्या जागा बांधल्या गेल्या. म्हणून वाशी आणि बेलापूर ही स्थानके एकाच वेळी स्थानकही आहेत आणि कचेरीची इमारतही. फलाटावर उभे राहून छताची उंची ताडावी, उजेड कुठून येतो ते पाहावे, आणि फलाटावरून रस्त्यावर पोहोचेपर्यंत आपण किती वेळा वळलो ते मोजावे. मला स्वतःला बेलापूरचे स्थानक सर्वांत बोलके वाटते. तिथल्या प्रचंड सावलीत भर मे महिन्यात उभे राहिले की आपल्या हवेत छप्पर किती मोठे काम करते ते अंगाला कळते.

चौथी पायरी: वाशीचे जुने सेक्टर आणि काँक्रीट वाचणे

वाशी स्थानकावरून जुन्या सेक्टरांकडे चालत जावे. इथल्या सुरुवातीच्या वसाहती म्हणजे लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती. त्यांतल्या बऱ्याच आता पुनर्विकासात पाडल्या गेल्या आहेत, काही पाडल्या जात आहेत. म्हणून हा भाग पुढे ढकलू नये.

एका इमारतीसमोर दहा मिनिटे थांबून तिचा सांगाडा ओळखण्याचा प्रयत्न करावा. आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीत भार कॉलम (उभे खांब) आणि बीम (आडव्या तुळया) वाहतात. भिंती केवळ आडोसा असतात. जुन्या दगडी किंवा विटांच्या घरात भिंतच भार वाहते, म्हणून तिथे खिडक्या लहान आणि एकावर एक असतात. कॉलम-बीमच्या सांगाड्यात खिडकी हवी तिथे आणि हवी तेवढी लांब ठेवता येते. आधुनिक वास्तुकलेतले अर्धे स्वातंत्र्य या एका तांत्रिक गोष्टीतून आले आहे. त्यानंतर खिडकीवरच्या छज्जाकडे पाहावे. तो किती बाहेर आला आहे? हात ताठ केल्यावर जेवढा, तेवढा तरी असेल तर पावसाची झड थोपते आणि दुपारचे ऊनही अडते. वीतभर छज्जाने काहीच होत नाही; मग घरमालक वरून पत्रा ठोकतो, आणि आपण म्हणतो की लोकांनी इमारत विद्रूप केली. पत्रा दिसला की आधी त्याच्या मागचा मूळ छज्जा किती होता ते पाहावे आणि मगच दोष द्यावा.

स्लॅबखाली पडलेले पोपडे आणि उघड्या पडलेल्या सळया हाही धडाच आहे. खाडीची खारट हवा आणि पावसाचे पाणी काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागते आणि आतून ढकलून काँक्रीटचा थर सुटा करते. सळईवरचे आवरण पुरेसे जाड असले आणि काँक्रीट घट्ट असले तर ही क्रिया पुष्कळ लांबते. ल कॉर्बुझिए या युरोपातल्या वास्तुकाराने पन्नासच्या दशकात चंदीगड आणि अहमदाबादला उघडे, गिलावा नसलेले काँक्रीट आणले आणि पुढची दोन-तीन दशके ते देशभर आधुनिकतेची खूण बनले. कोकणपट्टीत मात्र त्याच काँक्रीटवर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच शेवाळ चढते. एखादी शैली एका हवेतून दुसऱ्या हवेत नेताना काय घडते, ते वाशीच्या भिंतींवर काळ्या ओघळांनी लिहिलेले आहे.

दिशेचा मुद्दा इथेच समजून घ्यावा. मुंबईत वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेला, आणि नेमके दुपारचे ऊन व पावसाचा मारासुद्धा पश्चिमेलाच. जुन्या बंगल्यांनी यावर चहूबाजूंनी व्हरांडा हे उत्तर काढले होते. कोरियांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा या १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या २८ मजली इमारतीत तोच व्हरांडा कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागेच्या गच्च्यांच्या रूपाने उंचावर नेला. तिचे संरचनात्मक काम शिरीष पटेल यांचे होते. ती इमारत श्रीमंतांसाठी होती. तोच वास्तुकार, साधारण त्याच वर्षांत, गरीब आणि मध्यमवर्गीयांसाठी काय करत होता, ते पाहण्यासाठी आता बेलापूरला जायचे.

पाचवी पायरी: आर्टिस्ट व्हिलेजमध्ये अर्धा दिवस

बेलापूर स्थानकावरून रिक्षावाल्याला "आर्टिस्ट व्हिलेज" एवढेच सांगावे. ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात डोंगराच्या पायथ्याशी बांधली गेली. सुमारे सहा हेक्टर जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे, आणि मधून जाणारा एक लहानसा ओढा.

तिथे पोहोचल्यावर पहिल्या चौकात शिरून स्थिर उभे राहावे. सात घरांनी वेढलेला हा चौक साधारण आठ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. आपल्या पावलांनी तो मोजून पाहावा. अकरा-बारा पावलांत संपतो. एवढ्या अंतरावरून समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येतो आणि आवाज न चढवता बोलता येते. आता तिथून पुढे चालत जावे. सात घरांचे असे तीन गट मिळून एकवीस घरे होतात आणि त्यांच्यामध्ये साधारण बारा मीटरचा मोठा चौक येतो. अशा एकवीस घरांच्या तीन समूहांमध्ये त्याहून मोठी, सुमारे वीस मीटरची मोकळी जागा आहे. त्यापुढे सगळ्या वस्तीची मिळून असलेली जागा आणि ओढा. माझ्या दारापासून सुरू होणारी जागा हळूहळू सात घरांची, मग एकवीस घरांची, मग गावाची होत जाते, आणि कुठेही "इथून पुढे सार्वजनिक" अशी पाटी लावावी लागत नाही. या चढत्या श्रेणीत वसाहतीचे सगळे मर्म आहे. वहीत तीन चौकोन एकात एक न काढता शेजारी शेजारी, योग्य प्रमाणात काढावेत आणि प्रत्येकात त्या वेळी काय चालले होते ते लिहावे: लहान चौकात रांगणारे मूल आणि निवडायला घेतलेली मेथी, मधल्यात सायकल शिकणारी मुलगी, मोठ्यात क्रिकेट. माझ्या वहीत पाच वेगवेगळ्या दिवसांच्या अशा नोंदी आहेत आणि खेळाचा आकार चौकाच्या आकाराबरोबर वाढतो, हे त्यांतून फार गोड रीतीने दिसते.

घराकडे यावे ते त्यानंतर. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा वेगळा भूखंड मिळाला. आकार सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटर. सर्वांत कमी उत्पन्नाच्या आणि सर्वांत जास्त उत्पन्नाच्या घरांच्या जागेत दुपटीचाही फरक ठेवला नाही, हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. दोन घरांची भिंत सामाईक नाही. असे का केले, याचा विचार नवख्याने पाच मिनिटे स्वतः करून पाहावा, कारण सामाईक भिंतीमुळे खर्च वाचला असता. उत्तर असे की, भिंत सामाईक असली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय खोली वाढवता येत नाही, मजला चढवता येत नाही. वेगळ्या भिंतीमुळे प्रत्येक घर आपापल्या ऐपतीने आणि आपापल्या वेळी वाढू शकते. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी नसावी, हेही आखणीतच ठरले होते. विटांच्या भिंती, उतरते छप्पर, गावातल्या गवंड्याला आणि सुताराला जमेल अशी बांधणी. म्हणजे पुढची दुरुस्तीही त्याच हातांना जमावी.

वाढणारे घर ही कल्पना मला पुस्तकातून समजण्याआधी घरातच समजली होती. माझे माहेर कोपरखैरण्याच्या बैठ्या एलआयजी (अल्प उत्पन्न गटाच्या) घरांमधले. वडिलांनी आधी मागच्या परसावर पत्रा टाकला, मग त्याची खोली केली, आणि भावाचे लग्न ठरले तेव्हा वर स्लॅब पडला. आमच्या गल्लीतले प्रत्येक घर असेच वाढले; पण तिथे घरे एकमेकांना चिकटून होती, त्यामुळे प्रत्येक वाढीबरोबर शेजाऱ्याचा उजेड कमी झाला आणि दोन्ही घरांत काही दिवस अबोला राहिला. आर्टिस्ट व्हिलेजमधल्या त्या वेगळ्या भिंतीचे मोल मला म्हणूनच फार वाटते. वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत, १९८९ च्या सुमारास, याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला: तिथे कुटुंबाला जोते आणि पाणी-संडासाची सोय दिली आणि उरलेले घर त्याने स्वतः उभे करावे, अशी योजना होती. दोन्ही आराखडे शेजारी ठेवून पाहिले तर त्या दशकात आपल्या वास्तुकारांना कोणत्या प्रश्नाने घेरले होते ते नीट कळते.

आज आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मूळ रूपातले घर शोधावे लागते. अनेक घरांच्या जागी तीन मजली आरसीसीची, टाइल लावलेली, सज्जे असलेली घरे उभी आहेत. वास्तुकलेचे अभ्यासक हे पाहून हळहळतात आणि मलाही पहिल्या भेटीत वाईट वाटले होते. आता माझे मत निराळे आहे. घरे वाढावीत म्हणूनच ही रचना केली गेली होती, ती वाढली. खरी कसोटी चौकांची आहे, आणि घरे तिप्पट झाली तरी बहुतेक चौक अजून मोकळे आहेत, हे मी मोजून पाहिले आहे. काही ठिकाणी मात्र उंच घरांनी लहान चौकाचा सूर्य अडवला आहे आणि चौकाची जागा गाड्यांनी व्यापली आहे. १९८३ मध्ये अशा वस्तीत दारोदार मोटार येईल असे कोणाला वाटले असेल? म्हणून प्रत्येक चौकासाठी वहीत तीन गोष्टी टिपाव्यात: मूळ उंचीची घरे किती उरली, चौकात ऊन येते का, आणि वाहने किती उभी आहेत. अशा दहा चौकांच्या नोंदी झाल्या की आपले मत आपोआप तयार होते आणि ते दुसऱ्या कोणाकडून घेतलेले नसते.

इथे वागण्याविषयी दोन शब्द. हे संग्रहालय नाही. चौक सार्वजनिक वाटला तरी तो त्या सात घरांचे अंगण आहे. आत शिरताना ओट्यावरच्या काका-काकूंना नमस्कार करावा, कशासाठी आलो ते सांगावे आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. मुलांचे फोटो तर नकोतच. बहुतेक ठिकाणी पुढचे वाक्य "बसा, पाणी घ्या" असेच येते, आणि घरात कोणती भिंत कधी पाडली याची माहिती त्या गप्पांत मिळते ती कोणत्याही आराखड्यात मिळत नाही. वसाहतीची घनता हेक्टरी ५०० माणसांच्या आसपास धरली होती. एवढी माणसे सामावण्यासाठी मनोरे लागत नाहीत, जमिनीलगतची घरेही पुरतात, हा कोरियांचा आग्रह होता. आकाशाखालची मोकळी जागा ही आपल्या उष्ण हवेत एक खोलीच असते, असे ते मानत. त्या ओट्यावर पाणी पिताना आपण त्यांच्या म्हणण्याची परीक्षाच घेत असतो.

सहावी पायरी: गावठाण टाळू नये

नकाशावरच्या त्या दाट ठिगळांकडे आता यावे. बेलापूर गाव, दिवाळे, शहाबाज, वाशी गाव: ही आगरी-कोळ्यांची गावे शहराच्या आधीपासून इथे आहेत आणि या शहराची जमीन त्यांची होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आधुनिक वास्तुकलेच्या लेखात हे कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्या जमिनीवर आराखडा उभा राहतो ती कोणाची होती हे न विचारता तो आराखडा पाहणे मला अपुरे वाटते.

शिवाय पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. जुन्या घराची ओटी-पडवी कुठे शिल्लक असेल तर ती किती खोल आहे ते पावलांनी मोजावे. शेजारीच वाढत्या कुटुंबासाठी चढवलेले, ज्यांना इथे सगळे "गरजेपोटीची घरे" म्हणतात, ते चार-पाच मजले दिसतील. त्यांच्यामधली गल्ली कधी दोन हातांची असते. त्याच गल्लीतून बाहेर पडून देवळासमोरच्या मोकळ्या जागेत आलो की अचानक आकाश दिसते. आर्टिस्ट व्हिलेजचे चौक पाहून आलेल्या माणसाला इथे आपोआप उमगते की वास्तुकाराने ती कल्पना कोठून घेतली असावी. दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जाळी विणायला आणि मासळी वाळवायला मोकळी जागा लागते. तिथे अंगण हा कामाचा भाग आहे.

सातवी पायरी: नवे शहर, थोडक्यात

उरलेला वेळ पाम बीच रस्त्याला द्यावा. किल्ले गावठाणाच्या चौकातले महापालिकेचे मुख्यालय २०१४ पासून वापरात आहे. त्याचा घुमट आणि भव्य जिना पाहताना स्वतःला विचारावे की लोकशाहीतल्या कचेरीला घुमट का हवासा वाटला असेल. सीवूड्सला स्थानकाच्या डोक्यावरच मॉल आणि कचेऱ्या आहेत, म्हणजे वाशी-बेलापूरची जुनी कल्पना नव्या पैशांनी पुढे नेलेली. पण तिथली मोकळी जागा वातानुकूलित आहे आणि तिला रात्री कुलूप लागते, हा फरक वहीत लिहून ठेवावा. काचेच्या कचेऱ्यांसमोर दुपारी दोन वाजता उभे राहून पश्चिमेच्या काचेवरून परावर्तित होणारे ऊन अंगावर घ्यावे; छज्जा का असावा ते पुन्हा आठवेल. वेळ उरला तर बेलापूर-पेंधर मेट्रोने खारघरला जाऊन सिडकोच्या नंतरच्या काळातल्या वसाहती, घरकुल आणि स्पॅगेटी, बाहेरून पाहाव्यात. नव्या विमानतळाची कमळाच्या आकारावर बेतलेली इमारत झाहा हदीद यांनी स्थापन केलेल्या लंडनच्या कार्यालयाने आखली आहे. प्रवासाच्या निमित्ताने जाल तेव्हा तिचे छत पाहाल, त्यासाठी वेगळी फेरी नको.

आठवी पायरी: घरी आल्यावर छेद काढावा

त्याच रात्री, आठवण ताजी असताना, एका चौकाचा छेद काढावा. छेद म्हणजे केक कापल्यावर आतले थर दिसावेत तसे घर, ओटा, चौक आणि समोरचे घर बाजूने कापून दाखवणारी रेखाकृती. जमिनीची एक आडवी रेघ, दोन्ही बाजूंना घरांच्या उंच्या, मध्ये पावलांनी मोजलेले अंतर आणि त्यात एक उभे माणूस. माणूस विसरू नये. त्याच्याशिवाय माप कळत नाही. मग त्याच प्रमाणात शेजारी आपल्या स्वतःच्या सोसायटीचा छेद काढावा: दोन इमारतींमधले अंतर, मजल्यांची उंची आणि खाली उभा तोच माणूस. बहुतेकांना हे दुसरे चित्र काढताना धक्का बसतो. ज्या आवारात आपण वीस वर्षे राहिलो, त्यात बसायला एकही सावलीची जागा नाही, हे मला माझ्या आवाराचा छेद काढल्यावरच पहिल्यांदा दिसले.

एवढे झाले की एक फेरी राखून ठेवावी, ती जुलैतली. छत्री, चांगले रबरी बूट आणि (शाईची नोंद भिजते म्हणून) पेन्सिल घेऊन मुसळधार पावसात आर्टिस्ट व्हिलेजला पुन्हा जावे. उतरत्या छपराच्या पागोळ्या कुठे पडतात, लहान चौकातले पाणी मोठ्या चौकाकडे वाहते की दाराशी तुंबते, नव्याने चढवलेल्या सपाट स्लॅबचे पाणी पाइपातून कोणाच्या अंगणात सोडले आहे, ते एकेका चौकात थांबून पाहावे. शेवटी ओढ्याच्या काठी यावे आणि कोणकोणत्या चौकांचे पाणी तिथे येऊन मिळते, ते वहीतल्या नकाशावर बाणांनी दाखवावे.